दारावरची पाटी आणि घरांतील मतें

निवडणूक जाहीर झाली कीं मालवण किनाऱ्यावरील गांवांचें रूप आठ दिवसांत पालटतें. एरवीं जांभ्या दगडांचे गडगे, माडांच्या बागा आणि पावसानें काळवंडलेलीं कौलें एवढेंच ज्या रस्त्यावर दिसावयाचें, त्या रस्त्यावर हात जोडून हंसणाऱ्या माणसांची रांग उभी राहते. एक फलक तिठ्यावरच्या बेड्याला बांधलेला, दुसरा कोणाच्या आंब्याला ठोकलेला, तिसरा खळ्याच्या कोपऱ्यांत दोन बांबूंवर उभा. २ डिसेंबर २०२५ रोजीं मालवण, वेंगुर्लें आणि सावंतवाडी येथील नगरपरिषदांसाठीं मतदान झालें. त्यापूर्वींच्या दिवसांत बाजारास जाणाऱ्या माणसाला हा देखावा चुकविणें कठीण होतें.

आपल्या सुशिक्षित घरांतून या फलकांविषयीं दोन प्रकारचें वर्तन आढळतें. कांहीं घरें राजकारण म्हणजे चिखल असें समजून फलकाला कुंपणाच्या आंत येऊंच देत नाहींत. कांहीं घरांत जो कार्यकर्ता आधीं येईल, किंवा ज्याची भीड मोडवत नाहीं, त्याचा फलक लागतो. घरचीं माणसें दुपारीं जेवून उठतात तों त्याच्या दोऱ्या बांधूनही झालेल्या असतात. दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच आहे. दारावरचा फलक म्हणजे त्या घराचें बोलणें होय, आणि हें बोलणें नेमकें कोणाचें, याचा विचार कोणींच केलेला नसतो. एकत्र कुटुंबाचें दार एक असतें. मतें मात्र मतदारयादींत जितकीं नांवें तितकीं असतात. फलकावर काय लिहावें, तो कोठें उभा करावा आणि त्याला होकार कोणीं द्यावा, हे तिन्ही प्रश्न या एका गोष्टीशीं येऊन मिळतात. म्हणून त्यांचा क्रमानें विचार करूं.

चिन्हाचा मान

आपल्याकडील फलकाचा मुख्य भाग नांव नसून चिन्ह आहे, आणि त्याला इतिहास आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यांतील फार मोठ्या भागाला अक्षरओळख नव्हती. नांव वाचतां न येणाऱ्यानें मत द्यावें कसें, हा प्रश्न मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढें होता. उत्तर चिन्हांत सांपडलें. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, पेटीवर त्याचें चिन्ह चिकटविलें, आणि मतदारानें आपली मतपत्रिका मनांतल्या पेटींत टाकावी अशी योजना केली. मतपत्रिकेवरच शिक्का मारण्याची पद्धत सार्वत्रिक निवडणुकींत १९६२ सालीं आली. पुढें आयोगाच्या सेवेंतील चित्रकार एम. एस. सेठी यांनीं १९९२ मध्यें निवृत्त होईपर्यंत पुष्कळ चिन्हें साध्या पेन्सिलीनें रेखाटलीं. घरांतल्या, शेतांतल्या, बाजारांतल्या वस्तू त्यांत आल्या. कारण जी वस्तू रोज हाताखालून जाते तीच चटकन् ओळखतां येते.

आमच्या किनाऱ्यानेंही चिन्हांचीं स्थित्यंतरें पाहिलीं आहेत. वेंगुर्ल्यास जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै हे १९५७, १९६२ आणि १९६७ या तीन निवडणुकींत राजापूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. त्या काळीं हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत होता; सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. त्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचें चिन्ह झोपडी. मुलानें पाटीवर चार रेघांत काढावें आणि आजीनें ओसरीवरून ओळखावें, इतकें तें सोपें होतें. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्यें त्याच मतदारसंघांतून प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले. १९७७ सालीं ते जनता पक्षातर्फे उभे राहिले तेव्हां चिन्ह बदललें. चाकाच्या वर्तुळांत नांगर घेतलेला शेतकरी आला. माणूस तोच, परंतु मतदाराच्या डोळ्याला नवें वळण लावावें लागलें. हें काम जाहीर सभेपेक्षां वाटेवरचा फलक अधिक चांगलें करतो. कारण सभा एकदां होते, वाट रोज तुडविली जाते.

चिन्ह नीट न दाखविलें तर काय होतें याचें अलीकडचें उदाहरण २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत महाराष्ट्रानें पाहिलें. एका पक्षाचें चिन्ह तुतारी वाजविणारा माणूस होतें, आणि कांहीं अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेट या वाद्याच्या चिन्हाचेंही मराठी नांव तुतारी असेंच छापलें गेलें. या सारखेपणामुळें आपलीं मतें दुसरीकडे गेलीं अशी त्या पक्षानें तक्रार केली. वादांत कोण बरोबर हा येथें प्रश्न नाहीं. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं फलकावरचें चिन्ह हुबेहूब तेंच असावें जें मतदानयंत्रावर दिसणार आहे. त्याला सोनेरी किरणांची, फुलांची, सिंहाच्या तोंडाची जोड देणारा चित्रकार उमेदवाराचा मित्र खचितच नव्हे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत तर हें अधिकच खरें. ती निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाहीं. कपबशी, छत्री, कपाट अशीं मोकळीं चिन्हें उमेदवारांना वाटून दिलीं जातात, आणि तीं पदरांत पडल्यापासून मतदानापर्यंत हातांत थोडेच दिवस उरतात. पक्षाचें चिन्ह लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षें बसलेलें असतें; आजच्या कपबशीला तेवढा वेळ नसतो.

दोन क्षणांतलें वाचन

फलकाचा वाचक हा आरामखुर्चींत बसलेला वाचक नव्हे. तो दुचाकीवर आहे, त्याच्या पिशवींत मासळी आहे आणि समोरून एस्टी येत आहे. पाट्या रंगविणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फुटांवरून सुखानें वाचावयाचें अक्षर एक इंच उंच हवें. साठ फुटांवरून वाचवावयाचें असेल तर सहा इंच. आतां तासाला तीस किलोमीटर या बेतानें जाणारी गाडी साठ फूट अंतर दोन सेकंदांहून किंचित् अधिक वेळांत तोडते. एवढ्या वेळांत डोळा एक चित्र आणि तीन-चार शब्द घेतो. याहून अधिक जें कांहीं फलकावर आहे तें वाचकासाठीं नसून उमेदवाराच्या समाधानासाठीं आहे.

देवनागरीचा आणखी एक विचार आहे. इंग्रजी पाटीचा हिशेब तसाच उचलून मराठीला चालत नाहीं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार लागतात, खालीं उकार लागतो. सहा इंचांचें मूळ अक्षर घेतलें तर वर-खालचें धरून ओळ नऊ-दहा इंचांची होते. तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असा फलक घ्या. दहा इंच नांवाला गेले, चवदा इंच चिन्हाला दिले, कीं उरलेल्या सहा इंचांत प्रभागाचा क्रमांक आणि जागेचें अक्षर एवढेंच मावतें. आणि तेवढेंच पुरेसें आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकींत मतदाराला नगराध्यक्षासाठीं एक आणि प्रभागांतील प्रत्येक जागेसाठीं एक एक मत द्यावयाचें असतें. म्हणून उमेदवार 'अ' जागेचा कीं 'ब' जागेचा, हें सांगणें घोषवाक्यापेक्षां अगत्याचें ठरतें.

नांव लिहितांना आमच्या भागांत एक विशेष अडचण येते. एकेका वाडींत एकाच आडनांवाचीं घरें लागून असतात. धुरीवाड्यांत धुरी, दुसरीकडे परब, तिसरीकडे तांडेल. अशा ठिकाणीं आडनांव ठळक काढून कांहींच बोध होत नाहीं. ठळक असावें तें पाळण्यांतलें नांव आणि चिन्ह. शिवाय फलकावरचें नांव मतदानयंत्रावरच्या नांवाशीं जुळलें पाहिजे. गांव ज्याला 'अण्णा' म्हणून ओळखतो त्याचें कागदोपत्रीं नांव निराळें असेल तर दोन्ही लिहावीं, नाहींतर मतदार यंत्रापुढें अण्णाला शोधीत राहील.

रंगांच्या बाबतींत निसर्गानेंच आम्हांला धडा घालून दिला आहे. आमचा गडगा तांबडा, माती तांबडी, त्यावरची झाडी हिरवीगार. तांबड्या भुईवरचा फलक जांभ्यापुढें विरून जातो आणि हिरवा फलक आंब्या-फणसांत हरवतो. पांढऱ्या भुईवर काळीं किंवा गर्द निळीं अक्षरें, अथवा पिवळ्या भुईवर काळीं, हीं लांबून उठून दिसतात. पांढऱ्यावर पिवळें अक्षर जवळूनही वाचवत नाहीं. ज्या पक्षाचा रंग ठरलेला आहे त्यानें तो कडेच्या पट्ट्यांत ठेवावा. अक्षराचा बळी देऊन रंगाची निष्ठा दाखवूं नये.

उमेदवाराच्या तसबिरीबद्दल थोडें. एका फलकावर नेत्यांचे आठ-दहा मुखवटे आणि खालीं शुभेच्छुकांची पंगत असते. त्यांत उमेदवार कोणता हें शोधावें लागतें. नगरपरिषदेचा उमेदवार लोकांच्या रोजच्या ओळखीचा असतो. त्याचा एकच स्वच्छ चेहरा असला तर तो पुरतो. वर टांगलेल्या मोठ्या माणसांमुळें गटाराचें काम लवकर होतें असा अनुभव नाहीं.

जागा, वारा आणि ऊन

फलक रस्त्याला समांतर, गडग्यावर सपाट लावण्याची चाल आहे. अशा फलकाची कड तेवढी वाटसरूला दिसते आणि तो समोर येतो तेव्हां वाटसरू पुढें गेलेला असतो. रस्त्याशीं काटकोनांत, दोन्ही बाजूंनीं रंगविलेला लहान फलक मोठ्या सपाट फलकापेक्षां अधिक काम देतो. माणूस जेथें आपोआप मंदावतो, म्हणजे वळणाशीं, चढावाच्या माथ्यावर, तिठ्याजवळ, त्या ठिकाणचें खळें उत्तम. परंतु वळणावरचा फलक समोरची गाडी झांकणार नाहीं इतका आंत आणि इतका उंच हवा. तुळशीवृंदावनापुढें, विहिरीच्या काठड्यावर किंवा देवळाच्या वाटेवर फलक उभा करणें नियमांच्या आधींच सुरुचीला सोडून आहे.

दिशेचाही विचार असावा. आमच्या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेस. पश्चिमेच्या बाजूला उभ्या केलेल्या फलकामागें संध्याकाळीं सूर्य आला कीं फलकाचा काळा चौकोन होतो. बाजाराला जाणारी वर्दळ सकाळची असेल तर फलकाचें तोंड पूर्वेकडे करावें, म्हणजे कोंवळें ऊन त्यावर पडतें.

वाऱ्याची गोष्ट निराळी सांगावयास नको. पहांटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारीं समुद्राकडून खारा वारा उलट दिशेनें येतो. दिवसांतून दोनदां दिशा बदलणाऱ्या या वाऱ्यापुढें शिडासारखा ताणलेला मोठा फलक टिकत नाहीं. त्याच्याबरोबर बेड्याचा खांबही उपटून येतो. अर्धचंद्राकृति चिरा पाडल्या तर वारा पार होतो, आणि फलक लहान ठेवला तर चिरांचीही गरज पडत नाहीं. खाऱ्या हवेंत तार आणि खिळे आठवड्याभरांत गंजूं लागतात. काथ्याचें सुंभ मात्र आमच्याच माडाचें, खाऱ्या हवेला सरावलेलें, आणि काम झाल्यावर सोडून पुन्हां वापरतां येण्याजोगें. चौकटीला पोफळीच्या रिपा आणि पायांना बांबू मिळत असतां लोखंड कशाला हवें? झाडाला खिळा तर कधींच ठोकूं नये. ज्या कलमाला आजोबांनीं पाणी घातलें त्याच्या अंगांत पंधरा दिवसांच्या उमेदवारीसाठीं लोखंड रुतवून ठेवणें हा व्यवहार बरा नव्हे.

फ्लेक्सचा तर प्रश्न गंभीर आहे. प्लॅस्टिकचें हें कापड कुजत नाहीं. जाळलें तर विषारी धूर करतें. पूर्वीं मांजरपाटाचें कापड खळ देऊन ताणीत आणि रंगारी त्यावर हातानें अक्षरें काढी. तें महाग पडतें हें खरें. परंतु लहान फलक, थोडे फलक आणि हातानें काढलेलीं चार अक्षरें असा बेत केला तर खर्चाचा मेळ बसतो. २०१९ मध्यें निवडणूक आयोगानेंही पक्षांना एकदांच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकपासून प्रचारसाहित्य दूर ठेवण्यास सांगितलें होतें.

होकार कोणाचा?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेंत स्पष्ट सांगितलें आहे कीं कोणाचीही जमीन, इमारत किंवा कुंपणाची भिंत मालकाच्या परवानगीवांचून झेंड्यासाठीं, फलकासाठीं किंवा घोषणा लिहिण्यासाठीं वापरूं नये. महाराष्ट्रांत मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकींत छापील पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रकाचें आणि प्रकाशकाचें नांव-पत्ता असावाच लागतो. ती तरतूद लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १२७-क या कलमाखालीं आहे. निनांवी निंदेला आळा घालणारी ही शिस्त गांवच्या निवडणुकींतही प्रत्येकानें पाळावी अशी आहे.

परंतु 'मालक' हा शब्द आमच्या कोंकणांत किती माणसांना झांकतो? सातबाराचा उतारा काढून पाहावा. पणजोबांच्या नांवाखालीं आजोबांचे चार भाऊ, त्यांच्या खालीं त्यांचीं मुलें, आतां मुलींचींही नांवें. कोणी गिरगांवांत, कोणी पुण्यांत, कोणी परदेशांत. खळें एक आणि मालक पंधरा. कायद्यानें परवानगी घ्यावयाची ती कोणाची? कार्यकर्ता याचें उत्तर आपल्या सोयीनें काढतो. जो कोणी सांपडतो तो मालक, आणि 'बांधा कीं' असें जो म्हणतो त्याचा होकार हा सर्वांचा होकार.

याचा परिणाम डोळ्यांपुढें आणण्यासाठीं एक घर कल्पूं. वडील भाऊ एका पक्षाचे जुने मतदार. धाकटा भाऊ दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा. पुतण्या नुकताच अठरा वर्षांचा झालेला आणि दोघांनाही न मानणारा. १९८९ पासून मताधिकाराचें वय एकवीसवरून अठरा झालें, तेव्हां त्याचें मत आजोबांच्या मताइतकेंच वजनाचें आहे. मोठ्या सूनबाई कोणाला मत देणार हें त्यांनीं कोणालाच सांगितलेलें नाहीं, आणि सांगण्याचें त्यांना कारणही नाहीं. अशा घराच्या बेड्यावर एक फलक लागतो. दुसऱ्या दिवशीं गांव म्हणतें, 'तें घर त्यांचें.' सहा मतांचें एक मत झालें, तेंही न विचारतां. मतदान गुप्त ठेवण्यासाठीं कायद्यानें एवढी खटपट केली. ती एका सुंभाच्या गांठीनें वायां गेली.

यांत केवळ मानापमान नाहीं. लहान गांवांत फलक हा हजेरीपटासारखा वाचला जातो. कोणाच्या दारीं कोणाचें चिन्ह लागलें, कोणाच्या दारीं कांहींच लागलें नाहीं, याची मनांतल्या मनांत नोंद होते आणि पुढें नळाच्या, दिव्याच्या, पायवाटेच्या अर्जाच्या वेळीं ती नोंद आडवी येईल अशी भीति लोकांना वाटते. कित्येक फलक प्रेमानें लागत नाहींत, या भीतीनें लागतात. आणि कांहीं घरें तर तीन पक्षांचे तीन फलक लावून सर्वांनाच राजी राखतात. ही अळीमिळी गुपचिळी वरवर शहाणपणाची दिसते. पण जेथें फलकाला 'नको' म्हणण्याची सोय नाहीं, तेथें 'हो' म्हणण्याला किंमत राहत नाहीं.

म्हणून एकत्र कुटुंबासाठीं एक साधी रीत सुचवावीशी वाटते. घरांत राहणाऱ्या प्रत्येक मतदाराला, बायकांना आणि नव्या मुलामुलींना धरून, एकदां विचारावें. कोणाला मत देणार हें विचारूं नये. फलक लागलेला चालेल कीं नाहीं एवढेंच विचारावें. एकाचाही मनापासून नकार असला तर सामाईक बेड्यावर फलक लावूं नये. ज्याला उत्साह आहे त्यानें आपल्या खोलीच्या खिडकींत, आपल्या दुचाकीवर, आपल्या सदऱ्यावर चिन्ह लावावें. तेथें तो एकटा बोलतो आणि त्याला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुंबईकर भावालाही दूरध्वनीनें कळवावें. परंतु जो त्या दारांतून रोज जातो-येतो, त्याच्या शब्दाला अधिक वजन असावें. मग जें ठरेल तें कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून कार्यकर्त्याला द्यावें. लेखी होकारानें दोघांचीही सोय होते, आणि लेखी नकारानें मैत्री तुटत नाहीं, हें अनुभवास येईल.

सूनबाई उभ्या राहतात तेव्हां

घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्यें अंमलांत आल्या, आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठीं निदान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यांत आल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. तेव्हांपासून 'आमच्या घरांतलें कोणी निवडणुकीला उभें राहत नाहीं' असें म्हणणाऱ्या कुटुंबांतही हा प्रश्न दार ठोठावूं लागला आहे. तो केवळ उमेदवारीचा नसतो. फलक कसा काढावा येथपासून त्याला तोंड फुटतें.

स्त्री-उमेदवारांचे पुष्कळ फलक नीट न्याहाळून पाहा. नांव तिचें, पण तसबीर पतिराजांची मोठी. तिची लहान, कोपऱ्यांत, पदर सांवरलेली. कोठें 'अमक्यांच्या सौभाग्यवती' एवढीच ओळख. मतदारानें याचा अर्थ सरळ घ्यावा: कारभार कोण करणार हें फलकानेंच सांगून टाकलें आहे. ज्या बाई पाणीपट्टीचा हिशेब पतीपेक्षां चांगला समजतात, ज्यांनीं बचत गटाची वही दहा वर्षें चोख ठेवली, त्यांना आपल्याच फलकावर पाहुणी व्हावें लागतें.

येथें घरानें आपल्या सुनेच्या बाजूनें उभें राहिलें पाहिजे. फलकावर एकच चेहरा, तिचा. एकच नांव, तें मतदानयंत्रावर जसें येणार तसें. घराण्याचा आधार हवा असेल तर तो प्रचारांत, मुलांना सांभाळण्यांत, दुपारचा स्वयंपाक दुसऱ्यानें उरकण्यांत द्यावा. आणि आपल्याच घरची उमेदवार असली तरी आपल्या बेड्यावर तिचा फलक लावण्यापूर्वीं इतरांना विचारण्याची रीत मोडूं नये. जाऊबाईंचें मत दुसरीकडे असेल तर तेंही त्याच चुलीपाशीं सुखानें नांदलें पाहिजे.

फलकाचा उपयोग तरी किती?

जेथें या फलकांची चाल फार जुनी आणि दाट आहे अशा अमेरिकेकडे या बाबतींत पाहण्यासारखें आहे. तेथें घरापुढच्या हिरवळींत तारेच्या दोन पायांवर लहानसा पुठ्ठ्याचा फलक रोवतात. फरक असा कीं आपल्याकडे फलक उमेदवाराचा आणि जागा घरवाल्याची. तेथें तो घरवाल्याचा स्वतःचा उद्गार मानला जातो. मिसूरी राज्यांतील लाड्यू या गांवांत मार्गारेट गिलिओ नांवाच्या बाईंनीं १९९० मध्यें आखाती युद्धाविरुद्ध आपल्या घरापुढें फलक लावला आणि नंतर खिडकींत वहीच्या पानाएवढा कागद लावला. गांवच्या सौंदर्याला बाध येतो म्हणून नगरसभेनें अशा फलकांना बंदी केली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९९४ सालीं न्यायाधीशांनीं एकमतानें बाईंच्या बाजूनें निकाल दिला. माणसानें आपल्या स्वतःच्या घरावरून बोलणें याला एक वेगळीच प्रतिष्ठा आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

इतकी प्रतिष्ठा असूनही त्याचा मतांवर परिणाम किती? तेथील कांहीं अभ्यासकांनीं चार निवडणुकींत प्रत्यक्ष प्रयोग केले. कांहीं मतदानक्षेत्रें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडून तेथें फलक लावले, इतरत्र लावले नाहींत, आणि निकाल ताडून पाहिले. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें फलकांमुळें पडणारा फरक सरासरीनें शंभरांत पावणेदोन मतांच्या आसपास होता. हा आंकडा अमेरिकेचा आहे, तो आमच्या प्रभागाला जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. तरी त्यांतून दोन बोध निघतात. जेथें दहा-वीस मतांनीं जागा जाते, तेथें फलक अगदींच निरर्थक नाहीं. आणि ज्या मुलखांत हें शास्त्र मुरलें आहे, तेथेंही फलकांनीं बाजी पालटत नाहीं. म्हणून त्यांच्यासाठीं शेजाऱ्याशीं वैर करणें, रात्रींत दुसऱ्याचा फलक फाडणें किंवा भावाभावांत अबोला धरणें हा तोट्याचा सौदा आहे.

निकालानंतर

मतदान आटोपतें, गुलाल उधळला जातो, आणि फलक विसरले जातात. चेहरे उन्हानें फिके होतात, कोपरे वाऱ्यानें फाटतात. कांहीं फलकांचें सार्थक होतें हें खरें; फ्लेक्सचा तुकडा पावसाळ्यांत लाकडांवर किंवा गोठ्याच्या कुडावर पडलेला कोणीं पाहिला नाहीं? परंतु पुष्कळसे ओढ्यांत आणि तेथून समुद्रांत जातात, आणि मग रापणींत मासळीबरोबर येतात.

फलक लावण्यास होकार देतांनाच त्याच्या काढण्याचा दिवस ठरवून घ्यावा. निकालानंतर दोन दिवसांत ज्यानें बांधला त्यानें सोडून न्यावा, आणि न नेल्यास घरवाल्यानें सोडावा, असें त्याच चिठोऱ्यावर लिहावें. जिंकलेल्या उमेदवाराच्या कारभाराची पहिली परीक्षा येथेंच होते: स्वतःचा फलक जो वेळेवर उतरवीत नाहीं, तो गांवचा कचरा वेळेवर उचलील काय?

आणि घरांत? 'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही आपली जुनी म्हण मतपेटीइतकी दुसऱ्या कोठें शोभत नसेल. फलक जनाचें सांगतो; तो नीट वाचतां यावा, खरा असावा, कोणाच्या झाडाला आणि मनाला इजा न करतां उभा असावा. पुढचें काम ज्याच्या त्याच्या मनाचें आहे. येत्या निवडणुकींत कार्यकर्ता सुंभ घेऊन बेड्यापाशीं येईल, तेव्हां त्याला पाण्याचा तांब्या द्यावा, गुळाचा खडा द्यावा, आणि सांगावें, 'बसा थोडें. घरांत विचारून येतों.'